पागोळीचं पाणी : वाचकांच्या शंका

गेल्या अंकात छपरावरचं पाणी साठवण्याबद्दल लिहिल्यावर बरीच पत्रं आली. ‘टाकी केवढी बांधू’ हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा आला, म्हणून सुरुवात त्यानेच.

प्रश्न : आमचं घर कौलारू आहे, पागोळीपासून पागोळीपर्यंत 30 फूट बाय 32 फूट. विहीर मार्चच्या सुरुवातीला तळ गाठते, ती पाऊस लागेपर्यंत. घरात पाच माणसं. गवंडी म्हणतो 50 हजार लिटरचा हौद बांधा, शेजारी म्हणतात प्लास्टिकची हजार लिटरची टाकी पुरे. खरं काय?
— एक वाचक, लांजा तालुका

उत्तर : दोघांनीही पाऊस मोजला, तहान मोजली नाही.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. क्षेत्रफळ धरायचं ते छपराच्या उताराचं नव्हे, तर सूर्य डोक्यावर असताना छपराची जमिनीवर पडेल तेवढ्या सावलीचं. तुमचं ते साधारण 90 चौरस मीटर भरतं. कौलं थोडं पाणी पितात, थोडं उडतं, म्हणून पाऊणपट धरा. तुमच्याकडे वर्षाला 3000 मिमीच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे छपरावरून दोन लाख लिटर वाहून जातं. हा आकडा ऐकला की माणूस मोठ्या हौदाची स्वप्नं बघू लागतो. पण जून ते सप्टेंबर तुमच्या दारात पाणीच पाणी असतं, तेव्हा साठवून करणार काय? टाकी ठरते ती कोरड्या दिवसांवरून.

तुमचे कोरडे दिवस मार्च, एप्रिल, मे आणि जूनचा पहिला आठवडा, म्हणजे शंभर धरा. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी 10 लिटर, पाच माणसांचे रोज 50, शंभर दिवसांचे 5000 लिटर. पाहुणा, सांडलवंड आणि तळाशी सोडायचं पाणी धरून 6000 लिटरची टाकी घ्या. आंघोळ, कपडे, भांडी यांसाठीही हेच पाणी हवं असेल तर माणशी 40 लिटर धरावे लागतात आणि टाकी एकदम 20 हजारांच्या वर जाते. आमचं मत विचाराल तर पिण्याचं पाणी आधी पक्कं करा. वापरायचं पाणी टँकरचं चालेल, पिण्याचं टँकरचं नको.

आता 6000 लिटर भरायला सगळ्या छपराला पन्हळ लागत नाही. पुढच्या एकाच उताराला लावा. ते 45 चौरस मीटर होतं. तिथून 200 मिमी पावसात साडेसहा-पावणेसात हजार लिटर उतरतं, आणि एवढा पाऊस तुमच्याकडे एकट्या सप्टेंबरात सहसा पडतोच. म्हणजे टाकी जूनमध्ये भरून ठेवायची गरज नाही. पावसाळाभर ती वापरा, ऑगस्टअखेर रिकामी करून घासा, आणि पूर्वा-उत्तरा नक्षत्रांत, छप्पर धुऊन निघालेलं असताना, भरून झाकण लावा. हत्तीच्या, म्हणजे हस्त नक्षत्राच्या, भरवशावर राहू नका. तो पडला तर धो धो, नाहीतर नाहीच.

पन्हळीसाठी 6 इंची पीव्हीसी पाईप उभा चिरला की दोन पन्हळी निघतात. 32 फुटांची पन्हळ एका टोकाकडे उतरती केली तर खालच्या टोकाला कौल आणि पन्हळ यांत इतकं अंतर पडतं की जोराच्या सरीत पाणी पन्हळीवरून उडी मारून अंगणात पडतं. म्हणून उतरणीचा पाईप मधोमध काढा आणि दोन्ही बाजूंनी मीटरला एक सेंटिमीटर उतार द्या. कौलाची कड पन्हळीच्या रुंदीच्या एक-तृतीयांश आत यायला हवी. लोखंडी पट्टीचे हूक दर दोन फुटांवर हवेत. चार फुटांवर लावले की दुसऱ्या उन्हाळ्यात पीव्हीसी मधे झोळ धरतं, तिथे पाणी साचतं आणि पाठोपाठ डास येतात. खाली उतरणारा पाईप 4 इंची घ्या. 3 इंची तुमच्या सरीला कमी पडतो. दारात पोफळीचं जुनं खोड असेल तर त्याची पन्हळही एक-दोन पावसाळे उत्तम चालते, पण तिचं पाणी वापरायला घ्या, प्यायला नको. खोड कुजताना पाण्याला रंग आणि वास देतं.

शेवटची गोष्ट म्हणजे टाकीच्या नळाला कुलूप लावा. हसू नका. नळ हाताशी असला की भांडीही त्याच पाण्याने घासली जातात आणि टाकी जानेवारीतच वाजायला लागते.

प्रश्न : ‘पहिला पाऊस सोडून द्या’ असं सगळे सांगतात. म्हणजे नेमका किती? पहिला दिवस, पहिला आठवडा की पहिली सर?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : मोसमातला पहिला चांगला पाऊस पूर्ण सोडा, त्यात आठ महिन्यांची धूळ, पाला आणि कबुतरांची विष्ठा असते. त्यानंतर, तीन-चार दिवसांची उघडीप झाली की पुढच्या पावसातला पहिला 1 ते 2 मिमी सोडायचा. 60 चौरस मीटरच्या छपराला एक मिमी म्हणजे 60 लिटर.

हे रात्री दोन वाजता उठून कोणी करत नाही, म्हणून ते आपोआप व्हावं लागतं. छपरावरून येणाऱ्या पाईपला टाकीच्या आधी ‘टी’ जोडा आणि तिच्या खालच्या तोंडाला एक उभा पाईप लावा, त्याचं तळाचं तोंड टोपणाने बंद. पहिलं घाण पाणी या पाईपात भरतं, तो भरला की पुढचं पाणी आडव्या वाटेने टाकीत जातं. 4 इंची पाईपात मीटरला साडेआठ लिटर मावतात, म्हणजे 60 लिटरला सात मीटर लांबी लागेल, ते जमणार नाही. 6 इंची पाईपात मीटरला 18 लिटर मावतात, सव्वातीन-साडेतीन मीटरमध्ये काम होतं. एवढी उंची नसेल तर खाली 60 लिटरचा झाकणबंद ड्रम जोडा.

आता खरी मेख. हा पाईप पाऊस थांबल्यावर रिकामा व्हायला हवा, नाहीतर पुढच्या वेळी घाण सरळ टाकीत. तळाच्या टोपणाला 2 मिमीचं भोक पाडा, साधारण दोन तासांत पाईप रिकामा होतो. पण ते भोक चिखलाने बुजतं, हमखास बुजतं. टोपण चिकटवू नका, आट्याचं घ्या, दर पंधरवड्याला फिरवून काढा. काढताना पाय बाजूला ठेवा, आतून जे पडतं ते बघितलं की आपण काय पिणार होतो ते कळतं. पाऊस थांबून तीन तास झाले तरी त्या भोकातून थेंब पडत नसेल आणि पाईप वाजवला तर भरल्यासारखा भद्द आवाज येत असेल, तर भोक बुजलं आहे असं समजा.

प्रश्न : पावसाच्या पाण्याच्या टाकीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि वळवळणाऱ्या लाल अळ्या दिसतात. ग्रामपंचायतीतून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणून दोनदा टाकली, वास जात नाही. किती टाकायची?
— एक गृहिणी, महाड

उत्तर : आणखी टाकू नका. टीसीएलमधला क्लोरीन आधी पाण्यातली घाण ‘खातो’ आणि उरला तरच जंतू मारतो. तुमच्या टाकीच्या तळाशी पाल्याचा गाळ बसला आहे. तिथे हवा पोचत नाही, पाला कुजतो आणि सडक्या अंड्याचा वास सोडतो. लाल अळ्या डासांच्या नव्हेत, चावत नसलेल्या एका चिलटाच्या असतात आणि त्या गाळातच राहतात. त्या स्वतः रोग पसरवत नाहीत, पण टाकीत माशीला वाट आहे आणि तळाशी गाळ आहे, एवढं त्या सांगतात. जिथून चिलट शिरलं तिथून डासही शिरतो, आणि डासाचं अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवसांत उरकतं. आठवड्याला कोरडा दिवस पाळा म्हणतात तो त्यामुळेच.

टाकी रिकामी करा. माणूस आत उतरणार असेल तर आधी झाकण काढून काही तास उघडी ठेवा, पंख्याने हवा आत सोडा. कुजलेल्या गाळाच्या बंद टाकीत प्राणवायू कमी असतो आणि विषारी वायू असू शकतो, त्यात माणसं दगावतात. बाहेर दोर धरून एक जण उभा हवाच. आत कोणाला भोवळ आली तर बाहेरच्याने पाठोपाठ उडी घेऊ नये, दोराने ओढावं. पेट्रोलवरचा पंप टाकीत उतरवायचा नाही. आणि टीसीएलजवळ फरशीचं ॲसिड नेऊ नका, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो.

गाळ काढून भिंती काथ्याच्या ब्रशने घासा. मग 10 लिटर पाण्यात 20 ग्रॅम टीसीएल कालवून तेच पाणी भिंतींना आणि तळाला लावा, अर्धा तास ठेवा, धुऊन सोडून द्या.

पाणी पुन्हा भरल्यावर 1000 लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे 6000 लिटरला 15 ग्रॅम पावडर. चमच्याचा अंदाज नको, किराणा दुकानाच्या काट्यावर 15 ग्रॅमची पुडी तोलून घ्या. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात आधी पातळ लापशी करा, मग बादली भरा, दहा मिनिटं थांबा. चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता, चुना ओतू नका. अर्धा ते एक तासाने पाणी वापरायला घ्या. पाणी गढूळ असेल तर हे प्रमाण पुरत नाही, आधी पाणी निवळायला हवं.

पुरेसं पडलं का, हे गावच्या जलसुरक्षकाकडून ओटी चाचणीने बघून घ्या. नळीतल्या पाण्याला हलका पिवळा रंग आला, म्हणजे लिटरला 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन उरला, की झालं. रंगच आला नाही तर बहुतेक वेळा दोष पावडरीचा असतो. ताज्या टीसीएलमध्ये पाव ते एक-तृतीयांश क्लोरीन असतो, पण पोतं उघडं राहून पावसाळी हवा लागली की महिन्या-दोन महिन्यांत तो उडून जातो आणि हातात उरतो निव्वळ चुना. झाकण काढल्यावर नाकाला झोंबत नसेल ती पावडर भिंती रंगवायला ठेवा.

दोन दुरुस्त्या करा म्हणजे हे दरवर्षी होणार नाही. टाकीत पडणारा पाईप वरून सोडू नका, तळापर्यंत न्या आणि शेवटी बाक लावून तोंड वर करा. धबधबा पडला की गाळ ढवळतो, असं केलं की ढवळत नाही. आणि नळ तळापासून चार ते सहा इंच वर घ्या. त्याखालचं पाणी आपलं नव्हे, गाळाचं. जास्तीचं पाणी बाहेर जाण्याचा पाईप आणि हवेची नळी या दोन्हींना डासाची बारीक जाळी तारेने आवळून बांधा, ती दर उन्हाळ्यात बदला.

प्रश्न : बंगल्याची गच्ची सुमारे 100 चौरस मीटर आहे. जमिनीखालच्या टाकीत महापालिकेचं पाणी येतं. गच्चीचा पाईप त्याच टाकीत सोडला तर चालेल ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चालणार नाही. पालिकेचं पाणी शुद्ध करून येतं, गच्चीचं नाही. एका बोक्याने गच्चीवर केलेली घाण सगळ्या घराच्या नळाला कशाला?

वेगळी टाकी करा, पण मोठी करू नका. पुण्यात 700 मिमीच्या आसपास पाऊस धरला तर गच्चीवरून वर्षाला 56 हजार लिटर येतं. चार माणसांचा फ्लश, गाडी आणि झाडं मिळून रोज दीडशे लिटर लागले तर चार महिन्यांत तुम्ही 18 हजार वापराल. ज्या दिवशी तुमची टाकी भरते त्या दिवशी पालिकेच्या नळालाही पाणी असतं, ही पुण्याची अडचण आहे. 5000 लिटरची टाकी पुरे, ती 60-65 मिमी पावसात भरते आणि महिनाभर फ्लश चालवते. बाकीचं शोषखड्ड्यात सोडा. फ्लशची पाइपलाइन पिण्याच्या लाइनला कुठेही जोडलेली नको, मधे व्हॉल्व्ह लावूनसुद्धा नको. व्हॉल्व्ह कधीतरी कोणीतरी उघडतोच.

बाजारातल्या वाळूच्या ड्रमवर फार विसंबू नका. तासाला 100 मिमीच्या वेगाची सर आली की तुमच्या गच्चीवरून सेकंदाला दोन लिटरवर पाणी येतं, 200 लिटरच्या ड्रममधली वाळू एवढं खाली सोडू शकत नाही. मग ड्रम वरून वाहतो आणि कचरा जिथे जायचा तिथे जातो. गच्चीच्या जाळ्या आणि पहिलं पाणी सोडणारा पाईप यांवर जास्त लक्ष द्या.

प्रश्न : 10 हजार लिटरची फेरोसिमेंटची टाकी बांधतो आहोत. गावात दोन टाक्या दोन-तीन वर्षांतच गळायला लागल्या, भिंतीवर गंजाचे डाग आले. आमचं तसं होऊ नये म्हणून काय बघू?
— एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : गंज म्हटलं की पहिला संशय वाळूवर. खाडीची वाळू न धुता वापरली तर तिच्यातलं मीठ आतली जाळी खातं. भिंत सगळी मिळून दीड इंच, लोखंडाला लपायला जागाच नसते. नदीची वाळू घ्या किंवा धुतलेली कृत्रिम वाळू. खाडीचीच असेल तर गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि शेवटचं धुण्याचं पाणी चाखून बघा. खारट लागलं तर पुन्हा धुवा.

माप व्यास अडीच मीटर आणि पाण्याची उंची दोन मीटर पाच सेंटिमीटर. सांगाडा 6 मिमी सळईचा, उभ्या-आडव्या दोन्ही 15 सेंटिमीटरवर, आणि त्यावर आतून-बाहेरून कोंबडी जाळी ताणून बांधलेली. जाळी सैल राहिली की तिच्यामागे पोकळी राहते, गळती तिथूनच सुरू होते. मसाला एकास दोन, वाळू चाळलेली. 50 किलोच्या पोत्याला 20 ते 22 लिटर पाणी, त्याहून जास्त नाही. गवंडी हात हलका चालावा म्हणून पाणी वाढवतो, तिथे तुम्ही उभं राहायचं. भिंतीलाच आठ-नऊ पोती सिमेंट लागतं.

भिंतीचा गिलावा एका दिवसात संपवा. एक माणूस आतून फळी धरतो, दुसरा बाहेरून मसाला दाबतो, त्याशिवाय मसाला जाळीतून आरपार जात नाही. आज अर्धी, उद्या अर्धी केली की मधला जोड गळतो. तळ आणि भिंत यांच्या कोपऱ्यात वाटा, म्हणजे गोलाई, भरून घ्या. त्यानंतर किमान 14 दिवस ओलं गोणपाट. एक दुपार गोणपाट कोरडं राहिलं तरी केसासारख्या चिरा पडतात, नंतर कितीही पाणी मारलं तरी त्या बुजत नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात बांधत असाल तर वर मांडव घाला.

नव्या टाकीतलं पाणी पहिल्यांदा तुरट, साबणासारखं लागतं. सिमेंटमधला चुना सुटतो म्हणून. पहिली दोन-तीन भरणी झाडांना द्या.

प्रश्न : छपरावर जुना सिमेंटचा पत्रा आहे, गळतो म्हणून डांबर मारलं आहे. पाणी प्यायला चालेल?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : नको. डांबराचा वास आणि अंश पाण्यात उतरतो. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, तो घासू, कापू किंवा त्याला भोकं पाडू नका, उडणारी धूळ छातीला वाईट. या छपराचं पाणी संडास आणि झाडांसाठी ठीक आहे. प्यायला हवं असेल तर अंगणातल्या एखाद्या छोट्या स्वच्छ पत्र्याच्या शेडवरून घ्या. 10 चौरस मीटरची शेडसुद्धा 100 मिमी पावसात 900 लिटर देते.

प्रश्न : गच्चीचं पाणी सरळ बोअरमध्ये सोडलं तर साठवायची कटकटच नको, असं वाटतं. बरोबर आहे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : विचार बरोबर, ‘सरळ’ हा शब्द चुकीचा. बोअरमध्ये गेलेली घाण परत काढता येत नाही आणि गाळाने भेगा बुजल्या की बोअर कायमचा मंदावतो. बोअरच्या शेजारी खड्डा घेऊन, खाली मोठे दगड, वर खडी, वर जाड वाळू आणि थरांमध्ये नायलॉनची जाळी, अशा गाळणीतूनच पाणी न्या. वाळूचा वरचा दोन इंचांचा थर दर पावसाळ्याआधी खरवडून बदला. त्याआधी एक परीक्षा करा. टँकरचं हजार-दोन हजार लिटर स्वच्छ पाणी बोअरमध्ये हळूहळू सोडा. पातळी तासाभरात उतरली तर खडकात भेगा आहेत, तशीच राहिली तर आपल्याकडचा काळा दगड तिथे बंद आहे, पैसे वाचवा. आणि जिरवलेलं पाणी तुमच्याच बोअरला येईल असं नाही, ते शेजाऱ्याच्या पंपातही चढेल. हक्काचं पाणी हवं असेल तर टाकीच लागते.

प्रश्न : पावसाच्या पाण्यात क्षार नसतात, ते वर्षभर प्यायलं तर हाडं ठिसूळ होतात असं सासूबाई म्हणतात. शिवाय, हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालता येईल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सासूबाईंना सांगा, शरीराला लागणारे क्षार मुख्यतः अन्नातून येतात. नाचणी, दूध, पालेभाजी ताटात असेल तर पाण्यावर अवलंबून राहावं लागत नाही. पाणी थोडं बेचव लागतं, पण त्यात डाळ लवकर शिजते आणि कपड्यांना साबण कमी लागतो. मात्र असं मऊ, किंचित आंबट पाणी धातूला खातं. कल्हई उडालेल्या पितळी हंड्यात ते रात्रभर ठेवू नका, जुन्या गॅल्व्हनाइज्ड पाईपातून आलेलं सकाळचं पहिलं तांब्याभर पाणी सोडून द्या. पिण्याचं पाणी शंका असेल तेव्हा खळखळून एक मिनिट उकळा.

बॅटरीत नको. आकाशातून पडतानाचं पाणी जवळजवळ शुद्ध असतं, पण छपरावरून आणि सिमेंटच्या टाकीतून आलेल्यात चुना आणि माती मिसळलेली असते, प्लेटा खराब होतात.